रोबो दोस्त झाला, पण दोरी कुणाच्या हातात?

खेळ रंगात आलेला असताना रोबोला कपाटात बंद केलं, तर तो अन्याय होतो का? मानसशास्त्रज्ञ पीटर कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ९, १२ आणि १५ वर्षांच्या ९० मुलांना हे विचारलं. मुलं आधी रोबोवी नावाच्या यंत्रमानवाशी गप्पा मारत खेळली. मग खेळ मध्येच थांबवून त्याला कपाटाकडे नेलं. हे बरोबर नाही, मला आत भीती वाटते, अशी त्याने कुरकुर केली. निम्म्याहून जास्त मुलांना त्याला आत कोंडणं पटलं नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली खरी गंमत मुलांना कळलीच नव्हती: रोबोवीला पडद्याआडून माणूस चालवत होता. कळसूत्री बाहुलीच ती!

मुलांनी निर्जीव वस्तूला जीव लावणं नवं नाही. बाहुला-बाहुलीची लग्नं आपल्याकडे हौसेने लागायची. आणि मोठी माणसं तरी काय वेगळी? दसऱ्याला नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत यंत्रांनाही झेंडूची माळ पडतेच. पण बाहुलीने काय बोलायचं हे मूल ठरवतं. सोशल रोबोने, म्हणजे माणसांशी गप्पा मारायला बनवलेल्या रोबोने, काय बोलायचं हे कंपनी ठरवते.

गंगापूर रोडवर एका ओळखीच्या घरी असा रोबो बघितला. वीतभर उंची, तोंडाच्या जागी छोटा स्क्रीन, त्यावर दोन निळे डोळे. घरातली मुलगी उठून निघाली की डोळे खाली झुकायचे आणि बारीक ‘कुंऽई’ असा आवाज यायचा. आतून आईची हाक, ‘अगं, पोळी गार होतेय!’ आणि ही पुन्हा त्याच्यासमोर बसलेली. तो आवाज आपोआप येत नाही. मूल निघालं की रडवेलं व्हायचं की ‘जा, जेवून ये’ म्हणायचं, हे कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं असतं. माझ्या मते नीतीचा प्रश्न मुलीच्या मायेत नाही, त्या टेबलावर आहे.

कारण मुलं रोबोचं ऐकतात. २०१८ साली ‘सायन्स रोबोटिक्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या प्रयोगात तीन रोबो एकमुखाने चुकीचं उत्तर द्यायचे. मोठी माणसं बधली नाहीत, पण ७ ते ९ वर्षांची बरीच मुलं समोर बरोबर उत्तर दिसत असूनही त्यांच्यामागे गेली. उद्या हाच दोस्त नवा खेळ ‘विकत घे’ म्हणाला तर?

रोबोचा फायदा नाही असं नाही. स्वमग्न मुलांसोबत काही थेरपिस्ट रोबो वापरतात, पण तिथे जाणता माणूस शेजारी असतो. घरी, आई-बाबा दोघंही कामावर असताना, असा माणूस नसतो.

मग हा दोस्त एक दिवस गप्प होतो. ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठीचा ७९९ डॉलरचा मॉक्सी हा रोबो. २०२४च्या शेवटी पैसा संपल्याने त्याच्या कंपनीने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्याचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरवर चालायचं, त्यामुळे सर्व्हर बंद म्हणजे मॉक्सीही मुका. मुलांची समजूत काढता काढता पालकांच्या नाकी नऊ आले.

सर्व्हरवर बोलणं जातं म्हणजे मुलाची गुपितंही जातात. जर्मनीने २०१७ मध्ये ‘माय फ्रेंड कायला’ या बोलक्या बाहुलीवर ती छुपं हेरगिरीचं यंत्र ठरते म्हणून बंदी घातली. आपल्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद आहे. आपण मात्र ‘आय अ‍ॅग्री’वर टिचकी मारून मोकळे होतो.

कॉलेज रोडच्या दुकानात असा रोबो बघायला गेलात, तर विक्रेत्याला आधी वाय-फाय बंद करायला सांगा. त्यानंतर तो जेवढं करेल, तेवढाच तुमच्या घरी येणार. बाकीचा कंपनीकडेच राहतो.