रक्त किती गेलं, हा कायद्याचा प्रश्न नाही

बांधावरून, पायवाटेवरून, सामाईक विहिरीवरून नाहीतर आंब्याच्या कलमांच्या राखणीवरून भांडण पेटतं. ढकलाढकलीत एकाचं डोकं पडवीच्या खांबावर आपटून फुटतं. सदरा रक्ताने भिजतो, बायामाणसं घाबरतात आणि ‘आता मोठी केस होणार’ असं सगळी वाडी म्हणते. त्याच भांडणात दुसऱ्याचं बोट कुणीतरी पिरगाळलेलं असतं. ते जरा सुजलंय, एवढंच. पोलीस ठाण्यात मात्र उलटं घडू शकतं. डोकं फुटलेल्याची तक्रार अदखलपात्र ठरते, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. बोटवाल्याच्या तक्रारीवर मात्र थेट गुन्हा दाखल होतो.

हा अन्याय वाटतो, पण त्यामागे शरीरशास्त्र आहे. डोक्याच्या कातडीखाली घट्ट तंतूंचा एक थर असतो आणि रक्तवाहिन्या त्यात रुतून बसलेल्या असतात. इतर ठिकाणी वाहिनी तुटली की तिचं तोंड आक्रसतं. इथे ते तंतू तिला आक्रसू देत नाहीत, तोंड उघडंच राहतं आणि इंचभर जखमेतूनही रक्त वाहतच राहतं. दाब दिला, टाके घातले की बहुतेक वेळा आठवडाभरात माणूस कामाला लागतो. सुजलेल्या बोटाचा एक्स-रे काढला आणि हाडात बारीक चीर दिसली, तर कायद्याच्या भाषेत ती ‘जबर दुखापत’ होते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ११४ मध्ये दुखापतीची व्याख्या आहे: शारीरिक वेदना, रोग किंवा अशक्तता निर्माण करणं. कलम ११६ मध्ये जबर दुखापतीचे आठ प्रकार आहेत. पुरुषत्व नष्ट होणं, एका डोळ्याची दृष्टी किंवा एका कानाची श्रवणशक्ती कायमची जाणं, अवयव वा सांधा गमावणं किंवा त्याची ताकद कायमची कमी होणं, चेहरा किंवा डोकं कायमचं विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं वा निखळणं, आणि शेवटचा प्रकार म्हणजे जिवाला धोका निर्माण करणारी किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना देणारी वा नेहमीची कामं करू न देणारी इजा. जुन्या संहितेत ही मुदत वीस दिवसांची होती. या यादीत रक्ताचा उल्लेख कुठेही नाही. साध्या दुखापतीला कमाल शिक्षा एक वर्ष, जबर दुखापतीला सात वर्षं.

हाड ‘मोडणं’ म्हणजे आरपार दोन तुकडे होणं नव्हे. होरीलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच स्पष्ट केलंय की हाडाला चीर गेली किंवा त्याचा तुकडा उडाला तरी तो अस्थिभंगच. त्यामुळे एक्स-रेची फिल्म खटल्याची दिशा ठरवते, आणि अडचणही तिथेच सुरू होते. मनगटातल्या होडीच्या आकाराच्या छोट्या हाडाची चीर पहिल्या दिवशीच्या फिल्मवर कित्येकदा दिसतच नाही. दहा-बारा दिवसांनी, हाड भरून यायला लागल्यावर तिची रेघ उमटते. म्हणून दुखणं थांबत नसेल तर दुसरा एक्स-रे काढून घेणं हा जखमीचा हट्ट समजू नये, ती वैद्यकीय गरज आहे.

दाताचंही तसंच. ‘ठोसा मारून दात पाडला’ ही तक्रार आली की त्या दाताचं मूळ आणि आजूबाजूच्या हिरड्या बघायला हव्यात. वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्यांच्या हिरड्या अनेकदा खंगलेल्या असतात, दात आधीच हलत असतात. ताजी इजा असेल तर खोबणीत रक्त साकळलेलं दिसतं, ओठाच्या आतल्या बाजूला दाताची खूण असते. शेजारचे सगळेच दात सैल असतील तर तेही डॉक्टरांनी लिहायला हवं, मग ते कुणाच्याही बाजूचं असो.

इथपर्यंत फक्त शरीराचा विचार झाला. हल्ल्याच्या गुन्ह्याला दुसरा पाय लागतो, तो मनाचा. दुखापत ‘इच्छापूर्वक’ हवी, म्हणजे करणाऱ्याचा तसा उद्देश हवा किंवा असं होण्याचा संभव आहे याची जाणीव हवी. जबर दुखापतीसाठी परिणाम जबर असून भागत नाही, तसा उद्देश किंवा जाणीवही सिद्ध करावी लागते. बोट पिरगाळणाऱ्याला ते मोडू शकतं हे कळत होतं का, हा प्रश्न न्यायालयात येतोच.

या तत्त्वाची सर्वांत कडू कहाणी प्लीहेची आहे. प्लीहा म्हणजे डाव्या बरगड्यांखालचा अवयव, निरोगी माणसात साधारण दीडशे ग्रॅमचा. वारंवार मलेरिया झाला की तो कित्येक पटींनी वाढतो, बरगड्यांबाहेर येतो आणि किरकोळ धक्क्यानेही फाटू शकतो. १८७५ मध्ये आग्र्याला फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने आपल्या मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या नोकराला, मारलं आणि तो गेला. शवविच्छेदनात फाटलेली प्लीहा सापडली. शिक्षा काय, तर साध्या दुखापतीबद्दल तीस रुपये दंड. पुढच्या वर्षी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी या निकालावर जाहीर नापसंती नोंदवली. तत्त्व म्हणून ‘त्याला आजार ठाऊक नव्हता’ हा मुद्दा चूक नाही. खुनाच्या कलमातल्या उदाहरणातही तो भेद आहे. आजार माहीत असून, मरण्याचा संभव ओळखून मारलं तर तो खून. माहीत नसताना, निरोगी माणूस मरणार नाही असा ठोसा मारला आणि तसा उद्देश नव्हता तर तो खून नव्हे. पण जिथे निम्मी रयत हिवतापाने खंगलेली असते तिथे मालकाला ते ठाऊक नव्हतं असं मानणं मला निव्वळ निर्लज्जपणा वाटतो. शास्त्र खरं होतं, ते वापरणाऱ्यांचा न्याय खोटा होता.

आता हत्यार. साधन प्राणघातक असेल तर कलम ११८ लागतं. साध्या दुखापतीलाही मग तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि जबर दुखापतीला किमान एक वर्ष, कमाल जन्मठेप. बंदूक, सुरा यांबद्दल वाद नसतो. कोकणात हाताशी असतो तो जांभ्याचा दगड. तो हत्यार आहे का? केरळच्या मथाई खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की याचं उत्तर वस्तूच्या नावात नाही, तिच्या आकारात, धारेत आणि त्या प्रसंगाच्या तपशिलांत आहे. त्या खटल्यातल्या दगडाचा आकार पाहता तो घातक हत्यार ठरला नाही, म्हणून हत्याराचं जड कलम टिकलं नाही. जांभ्याचा अख्खा चिरा आणि मुठीत मावणारा खडा यांत एवढा फरक पडतो. पंचनाम्यात ‘एक दगड’ असं लिहून मोकळं होणाऱ्याने त्याचं माप आणि वजनही लिहावं.

कोयत्याच्या बाबतीत प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण त्याला धार आहे आणि पाठही. धारेने झालेल्या जखमेच्या कडा स्वच्छ असतात, केस सरळ कापले जातात. पाठीने किंवा दांड्याने कातडी चिरडून फाटते. कडेला खरचटलेलं असतं, केसांची मुळं ठेचलेली असतात आणि जखमेच्या पोटात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न तुटलेले तंतू ताणलेले दिसतात. गंमत अशी की डोक्यावर, कपाळावर, नडगीवर कातडीखाली लगेच हाड असल्याने काठीचा फटकाही सुरीने कापल्यासारखी सरळ जखम करतो. भिंगाखाली ते तंतू पाहिल्याशिवाय फरक कळत नाही. रात्री गर्दीत, नातेवाईक दारात ओरडत असताना जखम धुऊन टाके घातले आणि मग ‘कापल्याची जखम’ असं लिहिलं, तर काठीवाला कोयतेवाला ठरतो. आधी बघावं, मोजावं, फोटो काढावा आणि मग शिवावं. रक्तस्राव जिवावर बेतत असेल तर अर्थात आधी जीव.

जखमच नसेल तरी गुन्हा होतो, हे मात्र फार कमी लोकांना ठाऊक असतं. रापणीच्या किनाऱ्यावर कुणी वल्हं उगारून ‘थांब, दाखवतंय तुका’ म्हणत चालून आला आणि समोरच्याला आता मार बसणार असं वाटलं, तर कलम १३० प्रमाणे तो हमला. नुसते शब्द पुरत नाहीत, पण शब्दांनी हावभावाला अर्थ येतो. खुनाच्या प्रयत्नाचंही तसंच. महाराष्ट्र राज्य विरुद्ध बळराम बामा पाटील या १९८३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की त्यासाठी प्राणघातक जखम व्हायलाच हवी असं नाही. उद्देश आणि कृती पाहावी लागते. कुठे मारलं, किती जोराने, कितीदा, काय बोलत होता, यांवरून तो उद्देश ताडला जातो.

भाऊबंदकीच्या मारामारीत दोन्हीकडून तक्रारी येतात, आणि प्रत्येकाने म्हणे स्वतःला वाचवलेलंच असतं. खासगी बचावाचा हक्क कायद्याने दिलाय, धोक्याच्या प्रमाणात. इथे शरीर साक्ष देतं. काठी अडवायला माणूस नकळत हात डोक्यावर घेतो आणि करंगळीच्या बाजूचं कोपराखालचं हाड मधोमध मोडतं. पातं पकडू पाहणाऱ्याच्या तळव्यावर, बोटांच्या सांध्यांवर चिरा पडतात. आरोपीच्या अंगावर अशा खुणा असतील तर सरकार पक्षाला त्यांचा खुलासा बहुधा द्यावा लागतो. म्हणून दोन्ही पक्षांची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.

मुक्या माराचं वेळापत्रक वेगळं आहे. खोलवरचा मार एक-दोन दिवसांनी वर दिसतो, कधी दुसऱ्याच जागी: कपाळावरचा ठोसा दुसऱ्या दिवशी डोळ्याखाली काळा उतरतो. साकळलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन मोडत जातं तसा रंग लाल-जांभळ्यावरून हिरवट आणि मग पिवळा होतो. पिवळी छटा साधारण अठरा तासांच्या आत येत नाही, एवढं बऱ्यापैकी विश्वासाने म्हणता येतं. त्यापलीकडे रंग पाहून ‘तीन दिवसांपूर्वीचा मार’ असं ठाम सांगणारा साक्षीदार शास्त्राच्या पुढे बोलतोय. वय, कातडीचा रंग, माराची खोली या सगळ्यांनी ते गणित बदलतं. पहिल्या तपासणीत काही दिसलं नाही तर दोन दिवसांनी पुन्हा जावं, आधीच्या वैद्यकीय कागदाचा क्रमांक सांगावा, आणि नवी खूण त्याच नोंदीला जोडून घ्यावी.