रामसे भयपट

१९७२ पासून साधारण दोन दशके मुंबईच्या रामसे कुटुंबाने काढलेले कमी खर्चाचे हिंदी भयपट. शापित हवेली, कबरीतून उठणारा सैतान, धुके, किंचित उघडीनागडी दृश्ये आणि अधूनमधून विनोदी पात्रांची आचरट जोडकथा, असा त्यांचा ठरलेला मसाला.

कुटुंबप्रमुख फतेहचंद रामसे फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आले. रेडिओच्या दुकानाबरोबर त्यांनी चित्रपटनिर्मितीही सुरू केली. ‘रणांगण’कार विश्राम बेडेकरांनी दिग्दर्शित केलेला त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) पडला. मात्र मुखवटा चढवलेला पृथ्वीराज कपूर चोरी करतो, तेवढ्या प्रसंगाला लोक दचकत होते. फतेहचंदांच्या मुलांनी हे हेरले आणि नुसत्या भीतीवरच चित्रपट काढायचे ठरवले. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) त्यातून निघाला. चित्रीकरण महाबळेश्वरला झाले. तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण ध्वनीला, कुमार लेखनाला, अशी सात भावांत कामे वाटलेली असत. बाहेरच्या माणसांचे पगार त्यामुळे वाचत.

पैशांची ही चणचण पडद्यावर शैली होऊन उतरली. सेट उभारण्याऐवजी मुरूडच्या नवाबाच्या राजवाड्यासारख्या तयार वास्तू वापरल्या. अंधार आणि लाल-निळा प्रकाश नेपथ्यातल्या उणिवा झाकत असे. ‘पुराना मंदिर’मधला (१९८४) सैतान सामरी साकारणारे अनिरुद्ध अग्रवाल पेशाने अभियंते. त्यांची उंची आणि चेहरा यांनीच निम्मे काम केले. हा चित्रपट तुफान चालला. ‘वीराना’ (१९८८) आणि ‘बंद दरवाजा’ (१९९०) हे त्यानंतरचे गाजलेले.

मोठ्या शहरांतल्या समीक्षकांनी यांना मोजले नाही. त्यांचा हक्काचा प्रेक्षक लहान गावांतल्या टॉकीजमधला. तो खरोखर घाबरायला येई. १९९३ साली ‘झी हॉरर शो’ या त्यांच्या टीव्ही मालिकेमुळे हेच भय घराघरांत पोचले. पुढे परदेशी डीव्हीडी कंपन्यांनी हे चित्रपट विदेशी भयपटशौकिनांसमोर नेले. आजचे चाहते रबरी मुखवटा पाहून हसतात, संवाद पाठ म्हणतात. या कौतुकात एक गोष्ट सहसा निसटते: यांतल्या कित्येक कथांत कामेच्छा दाखवणारी स्त्रीच आधी मरते, आणि मरेपर्यंत कॅमेरा तिच्या देहावरून हटत नाही.