हरित संगणन

संगणक तयार करताना, वापरताना आणि टाकून देताना पर्यावरणाची जी हानी होते, ती कमी करण्याच्या सर्व उपायांना मिळून हरित संगणन म्हणतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये ‘एनर्जी स्टार’ हे चिन्ह सुरू केले, ते सर्वांत आधी संगणक आणि मॉनिटर यांच्यासाठीच. काम नसताना यंत्र ‘स्लीप’मध्ये जाण्याची सोय त्यानंतर रुळली. (स्क्रीनसेव्हरने मात्र वीज वाचत नाही, चित्रे फिरत राहतात आणि पडदा चालूच असतो.)

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरांनी (इंटरनेटच्या सेवा चालवणारे संगणक, म्हणजे सर्व्हर, एकत्र ठेवलेल्या केंद्रांनी) सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली; जगाच्या एकूण वापराच्या ती सुमारे दीड टक्का होते. सर्व्हरला दिलेल्या जवळपास सगळ्या विजेची अखेर उष्णताच होते आणि ती बाहेर काढायला पुन्हा वीज लागते. हा वरखर्च मोजण्यासाठी २००७ पासून ‘पीयूई’ हे गुणोत्तर वापरतात: केंद्राची एकूण वीज भागिले त्यातल्या संगणकांची वीज. ते १.५ आले, तर संगणकांच्या दर युनिटमागे अर्धे युनिट थंडावा आणि इतर सोयींवर जाते. उत्तर स्वीडनमधील लुलेओ येथे फेसबुकच्या केंद्राला बाहेरची गार हवा उपयोगी पडते. नवी मुंबईतील ऐरोली-महापेच्या दमट उकाड्यात तिथल्या केंद्रांना ती सवलत नाही. शिवाय वीज कोळशाची की पाण्याची, हे पीयूई सांगत नाही. नुसत्या या आकड्यावर केंद्राला ‘हरित’ म्हणणे चूक आहे.

लॅपटॉप आणि फोन यांचे बहुतेक कार्बन उत्सर्जन वापरात नव्हे, तर निर्मितीत होते. म्हणून हातातले यंत्र टिकवणे हा घरगुती वापरात सर्वांत मोठा उपाय. पंख्यात साचलेली धूळ काढली, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळली असेल तर बदलली, हार्ड डिस्कच्या जागी जास्त वेगाची एसएसडी बसवली, की सात-आठ वर्षांचा लॅपटॉपही पुन्हा चांगला चालतो. अडते ते रचनेत: बॅटरी चिकटवलेली, रॅम (कामापुरती स्मृती) मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवर, डाग देऊन पक्की केलेली. कधी यंत्र धडधाकट असते आणि सॉफ्टवेअरच साथ सोडते. विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

२०२२ मध्ये जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला. रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद त्यातल्या चौथाईपेक्षाही कमी कचऱ्याची आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी त्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तरीही भंगाराच्या वाटेने गेलेल्या तारा तांब्यासाठी उघड्यावर जाळल्या जातात, सर्किट बोर्ड सोन्यासाठी आम्लात बुडवले जातात, आणि तो धूर हे काम करणाऱ्यांच्या छातीत जातो.