जुन्या गाडीला एलईडी अन् इंडिकेटर बसवायचेत? गाडी सोडण्याआधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून लोक पद्मिनी, अँबेसेडर, जुन्या जीपा घेऊन आमच्या गॅरेजला येतात, कुणाची आजोबांनी घेतलेली, कुणी लग्नाच्या वरातीला भाड्याने द्यायला शोधून आणलेली, आणि आल्या आल्या पहिलं वाक्य ठरलेलं, "भो, हेडलाईट एलईडी करून टाका, रात्री काहीच दिसत नाही." आम्ही सांगतो, आधी मागची बाजू करू. तुम्हाला रस्ता थोडा कमी दिसला तर तुम्ही गाडी हळू घ्याल, पण ५३ नंबर हायवेवर मागून येणाऱ्या केळीच्या ट्रकला तुम्ही दिसलाच नाहीत तर काय?

मागचा दिवा, ब्रेक, इंडिकेटर

जुना ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा, त्याची तार तापून लाल व्हायला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा जातो, एलईडी दाबताक्षणी लागते. ६० च्या स्पीडला तेवढ्या वेळात मागची गाडी तीन मीटरच्या वर पुढे सरकते, म्हणजे तुमच्या डिक्कीचा प्रश्न आहे! बल्ब घेताना एक बघा, लाल काचेमागे लाल एलईडी अन् पिवळ्यामागे पिवळीच घ्या. पांढरी टाकली की लाल काच गुलाबी दिसते, उजेडही कमी पडतो, कारण पांढऱ्या एलईडीत लाल रंग मुळात कमी असतो. आणि होल्डरचा गंज घासल्याशिवाय आम्ही बल्ब लावतच नाही, निम्म्या तक्रारी अर्थच्याच, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे परत जाणाऱ्या जोडाच्याच निघतात.

आता इंडिकेटर. बाजारातून एलईडी आणून घरी लावली अन् टिकटिकच बंद झाली, हे रोजचं. गाडी बिघडलेली नसते. इंडिकेटरची टिकटिक करते ती डबी म्हणजे फ्लॅशर. जुन्या दोन पिनच्या फ्लॅशरमध्ये पट्टी करंटने तापते, वाकते, सर्किट तुटतं, थंड झाली की परत जुळतं. एका बाजूचे पुढचा-मागचा मिळून ४२ वॅट म्हणजे साडेतीन अँपिअर करंट तिला लागतो, एलईडी दोन-तीन वॅटची, मग पट्टी तापणार कशी? दिवा नुसता लागून राहतो नाहीतर लागतच नाही. काही जण यावर करंट वाढवायला एलईडीच्या जोडीला रेझिस्टर लावून देतात, चालतं ते, पण ६ ओहमचा रेझिस्टर १२ व्होल्टवर २४ वॅट नुसते उष्णतेत घालवतो, मग एलईडी लावून वाचवलं काय? वर भुसावळचा मे महिना, बोनेट तसंच तापलेलं, त्यात तो वायरिंगला टेकला तर कोटिंग वितळणार. आम्ही तीन पिनचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर टाकतो, तिसऱ्या पिनला अर्थ द्यावी लागते एवढंच. मिनिटाला ६० ते १२० वेळा लागला पाहिजे असा नियम आहे, तेवढं मोजूनच गाडी देतो.

फ्लॅशर बदलूनही डावा दिला की चारही दिवे लागतात, अशी गाडी आली की आम्ही थेट डॅशबोर्ड उघडतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत दोन्ही बाजूंना मिळून एकच हिरवा दिवा असतो, तो डाव्या अन् उजव्या वायरच्या मधे जोडलेला, डावी चालू असली की त्याला अर्थ मिळते उजव्या बल्बच्या तारेतून. साध्या बल्बला तेवढ्या करंटने काही होत नाही, एलईडी मात्र तेवढ्यावरही लागते. करंट एकाच दिशेने जाऊ देणारे दोन छोटे डायोड टाकायचे, दोन्ही बाजूंकडून एकेक, अन् हिरव्या दिव्याला स्वतःची अर्थ द्यायची. दहा-वीस रुपयांचा माल आहे, पण हे न कळल्यामुळे लोक अख्खं वायरिंग बदलून घेतात.

बॅटरीचा प्लस बॉडीला आहे का तेही आधी तपासतो. १९६० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत तसंच असायचं, त्यात नेहमीची एलईडी अन् नेहमीचा फ्लॅशर चालत नाही, दोन्ही वेगळे मागवावे लागतात. युद्धकाळातल्या विलीज जीपा तर ६ व्होल्टच्या, तेव्हा सामान घेण्याआधी विचारा.

वरातीला गाडी देणाऱ्यांना याचा खरा फायदा. जुन्या गाड्यांत बॅटरी चार्ज करणाऱ्या ल्यूकसच्या सी-४० डायनॅमोची पूर्ण ताकद २२ अँपिअर, तीही इंजिन चांगलं फिरत असताना, आयडलला जवळपास काहीच नाही. डीजेमागे तासभर मुंगीच्या पावलाने गाडी अन् सगळे दिवे चालू, म्हणजे बॅटरी बसणारच, मग नवरदेवासकट धक्का. एलईडीने हा लोड बराच उतरतो.

हेडलाईट

इथे आम्ही नाही म्हणतो, आणि नाहीच म्हणतो. जुना रिफ्लेक्टर बल्बच्या तारेच्या जागेवर फोकस धरतो, एलईडीच्या पट्ट्या नेमक्या तिथे बसत नाहीत, उजेड फाटतो अन् समोरच्याच्या डोळ्यात जातो, कन्नड घाटात वळणावर असं कुणाचं करू नये. तुमचा उजेड कमी आहे तो बहुतेक वेळा वायरमुळे. दोन ६० वॅटचे बल्ब म्हणजे १० अँपिअर करंट, तो सगळा डॅशच्या म्हाताऱ्या स्विचमधून जातो, बल्बपर्यंत व्होल्टेज १० टक्के पडलं तर उजेड ३० टक्क्यांनी पडतो. दोन रिले (स्विचऐवजी मोठा करंट स्वतःतून नेणारे), जाड वायर, फ्यूज टाकतो, बल्ब हॅलोजनच ठेवतो. करून बघा, एलईडीचं नाव काढणार नाही.

ज्यांना व्हीए सिरीजचा, म्हणजे व्हिंटेज गाडीचा नंबर हवाय त्यांच्यासाठी. २०२१ च्या केंद्राच्या नियमात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, चेसिस, बॉडी, इंजिन मूळ असलेली गाडी व्हिंटेज धरली जाते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. म्हणून आम्ही बॉडीला भोक पाडत नाही अन् मूळ वायर कापत नाही. ज्या गाडीला इंडिकेटरच नाहीत तिला बंपरच्या बोल्टवर पट्टी काढून दिवे लावतो, उद्या काढले तरी खूण राहत नाही. दरवाज्याच्या खांबातून बाहेर येणारा जुन्या पद्धतीचा इंडिकेटरचा हात असेल तर तोही चालू करून देतो, आत छोटी एलईडी बसते, पण रात्री हायवेला नुसत्या हातावर भरवसा ठेवू नका, पिवळे दिवे लागतीलच.

येताना बॅटरी चार्ज करून आणा अन् आधी कुणी काही जोडाजोडी केली असेल तर न लाजता सांगा, शोधायचा वेळ वाचतो, तेवढी मजुरी तुमचीच वाचते. काढलेले बल्ब, फ्लॅशर पिशवीत घालून परत देतो, भंगारात देऊ नका, मूळ कंपनीचा फ्लॅशर आता शोधून मिळत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेच्या अन् लग्नसराईच्या आधी गर्दी असते, तेव्हा फोन करूनच या.