शिन बो-मे आणि शिन सॉबू: एका राजाच्या दोन राण्या

ब्रह्मदेशाच्या पंधराव्या शतकाविषयी वाचताना या दोघींची गल्लत सहज होते. दोघी उत्तर ब्रह्मदेशातल्या आवा या राज्याच्या राजवाड्यातल्या, आणि १४२३ पासून दोघींचा नवराही एकच, राजा तिहातू.

बो-मे तिथली जुनी राणी. आधी ती तिहातूच्या बापाची, मिनखाँगची राणी होती; १४२१ मध्ये बाप वारला आणि गादीबरोबर तीही मुलाकडे आली. सॉबू मात्र शत्रूची लेक. हंसावतीचा (आजच्या बागोचा) राजा राजादरित हा तिचा बाप; तो दक्षिणेकडच्या मोन लोकांचा राजा. त्याच्यामागे मुलांत गादीवरून जुंपली, तेव्हा बिन्या रान या भावाने विधवा बहीण आवाच्या राजाला देऊन सलोखा साधला.

राजा सॉबूवर भाळला. १४२५ मध्ये आँगपिनले इथे कालव्याचं काम पाहत असताना शान जमातीच्या एका सरदाराच्या माणसांनी त्याला गाठून मारलं. बखरी म्हणतात, हे बो-मेने सवतीमत्सरातून घडवलं. मला हे कारण तोकडं वाटतं. राग सवतीवर असता, तर आधी सवत मेली असती. सॉबू तर वाचली. मेला तो तिहातूनंतर गादीवर आलेला त्याचा नऊ वर्षांचा मुलगा मिन्हला, तोही तीन महिन्यांत, विषाने. मग बो-मेचा प्रियकर न्यो राजा झाला. ही सरळसरळ सत्तेची चाल होती. पुढच्याच वर्षी मोहन्यिन तादो या सरदाराने आवा घेतलं, न्यो पळून जाताना मेला, आणि बो-मे नव्या राजाची राणी झाली. मिनखाँगपासून मोजलं तर तो तिचा पाचवा राजा.

सॉबूने वेगळी वाट धरली. १४३० च्या सुमारास दोन मोन भिक्खूंच्या मदतीने ती आवातून निसटली आणि माहेरी पोहोचली. पुढे राजादरितचे पुरुष वंशज आपसात लढून संपत गेले, तेव्हा १४५४ मध्ये, साठाव्या वर्षी, ती स्वतःच्या हक्काने गादीवर बसली. बो-मेचं ‘पाच राजांची राणी’ हे वर्णन सॉबूला चिकटवणं म्हणूनच मला खटकतं.

रंगूनच्या श्वेडगॉन स्तूपाला तिने आपल्या वजनाइतकं, सुमारे ४० किलो सोनं वाहिलं. वारस निवडताना तिने आवातून सुटकेला मदत करणाऱ्या त्या दोन भिक्खूंपैकी धम्मझेदीला चीवर उतरवायला लावलं आणि आपली मुलगी देऊन जावई करून घेतलं. १४७१ मध्ये ती वारल्यावर हंसावतीचं राज्य त्यानेच चालवलं.