युनियन बर्लिन: ५५ वर्षं लांबलेली वाट

२० सप्टेंबर २०२३. माद्रिदच्या बर्नाबेऊ स्टेडियमवर ९० मिनिटं संपली तेव्हा फलक ०-० दाखवत होता. वाढीव वेळेच्या चौथ्या मिनिटाला रेआल माद्रिदच्या ज्यूड बेलिंगहॅमनं जवळून चेंडू जाळ्यात ढकलला आणि युनियन बर्लिन या जर्मन फुटबॉल क्लबचा चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेतला पहिलावहिला सामना हातातून निसटला. पुढे गटातले सहाही सामने झाले. विजय एकही नाही, गुण दोन, क्रमांक शेवटचा. नुसता गुणतक्ता पाहणारा म्हणेल, हा संघ तिथं चुकून आला होता. मला ते मान्य नाही. या क्लबचं आणि युरोपचं नातं १९६८ पासूनचं आहे, आणि ते ठाऊक असेल तर ते दोन गुण वेगळे दिसतात.

क्लबचं घर बर्लिनच्या आग्नेय टोकाला, क्योपेनिकच्या झाडीत. मुळं १९०६ ची, शेजारच्या ओबरश्योनवाइड या कारखान्यांच्या वस्तीतली. खेळाडू आणि प्रेक्षक धातुकामगार, म्हणून आजही आरोळी घुमते ती ‘आयझर्न युनियन’, म्हणजे पोलादी युनियन. सध्याच्या नावाचा क्लब पूर्व जर्मनीच्या सरकारनं केलेल्या क्लबांच्या फेररचनेत जानेवारी १९६६ मध्ये उभा राहिला. त्याच शहरात बीएफसी डायनॅमो होता. त्याच्या पाठीशी गुप्त पोलिसांचा, श्टासीचा प्रमुख एरिक मील्के. डायनॅमोनं १९७९ ते १९८८ सलग दहा वेळा विजेतेपद मिळवलं. युनियनचे सगळे समर्थक सरकारविरोधी होते असं पुष्कळदा रंगवलं जातं. ते अतिशयोक्त आहे. पण डायनॅमोऐवजी युनियनच्या बाजूनं उभं राहणं म्हणजे काय, हे पूर्व बर्लिनमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

१९६८ च्या उन्हाळ्यात युनियननं अंतिम सामन्यात कार्ल झाइस येनाला २-१ असं हरवून पूर्व जर्मनीचा कप जिंकला. त्या वर्षीच्या युरोपियन कप विनर्स कपमध्ये, म्हणजे देशोदेशीच्या कपविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेत, त्यांची जागा पक्की झाली. मग ऑगस्टमध्ये वॉर्सा कराराचे रणगाडे प्रागमध्ये घुसले. पाश्चात्त्य क्लब पूर्वेकडच्या संघांशी खेळायला राजी होईनात, म्हणून युएफानं, म्हणजे युरोपीय फुटबॉलच्या संघटनेनं, पूर्वेच्या संघांना पूर्वेशीच भिडवणारी नवी सोडत काढली. पूर्व गोटातल्या बहुतेक देशांनी निषेध म्हणून आपले क्लब मागे घेतले. त्यात युनियनही होता. एका पिढीचा युरोप असा गेला, आणि तो मैदानावर गमावलेला नव्हता.

दुसरी संधी यायला ३३ वर्षं लागली. मधल्या काळात भिंत पडली, पूर्वेचे क्लब पैशाअभावी मोडकळीला आले आणि १९९० च्या दशकात युनियनला लीगमध्ये खेळण्याच्या परवान्यासाठीही झगडावं लागलं. तरी २००१ मध्ये तिसऱ्या श्रेणीत असताना हा संघ जर्मन कपच्या अंतिम सामन्यात पोचला. शाल्केनं २-० असं हरवलं. पण शाल्के आधीच चॅम्पियन्स लीगमध्ये गेलेला असल्यानं युएफा कप या त्याखालच्या युरोपीय स्पर्धेतली जागा युनियनला मिळाली. फिनलंडच्या हाकाला हरवून ते पुढे गेले आणि बल्गेरियाच्या लितेक्स लोवेचसमोर थांबले.

त्यानंतरची घसरण भीषण होती. २००५ मध्ये संघ थेट चौथ्या श्रेणीत. त्याच्या वर्षभर आधी, २००४ मध्ये, परवाना टिकवण्यासाठी पैसे उभे करायचे होते तेव्हा समर्थकांनी अक्षरशः रक्त दिलं. जर्मनीत रक्तदात्याला थोडा मोबदला मिळतो. तो त्यांनी क्लबला देऊन टाकला. पुढे २००८-०९ मध्ये ‘आल्टे फोर्स्टराय’ या त्यांच्या मैदानाच्या पायऱ्या इतक्या झिजल्या की दुरुस्ती टाळता येईना, आणि कंत्राटदाराला द्यायला तिजोरीत पैसे नव्हते. दोन हजारांहून जास्त माणसांनी जवळपास १ लाख ४० हजार तास श्रमदान केलं. कुणी सुट्टी टाकून आलं, कुणी दिवसभराची नोकरी आटोपून. स्टेडियम पुरं केलं. आज तिथं २२,०१२ माणसं मावतात आणि त्यातली बहुतेक उभी राहूनच सामना बघतात. मला या क्लबच्या इतिहासातलं कुठल्याही कपापेक्षा हे काम मोठं वाटतं.

मे २०१९ मध्ये श्टुटगार्टविरुद्धच्या निर्णायक लढतीत २-२ आणि ०-० अशी बरोबरी साधून, परक्या मैदानावरच्या गोलांच्या जोरावर, संघ पहिल्यांदा बुंडेसलिगात, जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत, आला. ऑगस्टमध्ये लाइपझिगविरुद्धच्या पहिल्या सामन्याला अनेकांनी फोटो उंच धरले होते: हा दिवस बघायला जे उरले नव्हते, त्या आईवडिलांचे, भावांचे, मित्रांचे. त्या दिवशी संघ ०-४ असा हरला.

स्विस प्रशिक्षक उर्स फिशर यांनी मग जे केलं त्याला तोड नाही. क्रमांक चढत गेला: ११, ७, ५ आणि २०२३ मध्ये ४. आधी युरोपातली तिसऱ्या दर्जाची कॉन्फरन्स लीग, मग दुसऱ्या दर्जाची युरोपा लीग, जिथं त्यांनी डच क्लब आयॅक्सला बाहेर काढलं, आणि मोसमाच्या अखेरच्या दिवशी ब्रेमेनविरुद्ध रानी केदिराच्या एकमेव गोलानं उघडलेलं चॅम्पियन्स लीगचं दार.

तिथं एक अवघड प्रश्न होता. आदल्या मोसमातले युरोपा लीगचे सामने घरच्या मैदानावर झाले होते. आता क्लबनं शहराच्या दुसऱ्या टोकाचं ऑलिम्पिया स्टेडियम निवडलं, म्हणजे शेजारी हेर्था बर्लिनचं घर. आपल्या हातांनी बांधलेल्या पायऱ्या सोडून जाणं अनेकांच्या जिवावर आलं. पण २२ हजारांच्या मैदानात सगळे सभासद मावणं शक्य नव्हतं आणि इतकी वर्षं वाट पाहिलेल्यांना दाराबाहेर ठेवणं क्लबला पटेना. मला तो निर्णय बरोबर वाटतो, जरी त्यात घरच्या मैदानाचा दरारा गमावला असला तरी.

बाकी हाल झाले. पोर्तुगालच्या ब्रागाविरुद्ध शेराल्डो बेकरच्या दोन गोलांनी २-० अशी आघाडी घेतली आणि शेवटी २-३ असा पराभव पदरी पडला. बुंडेसलिगात सलग नऊ सामने गेले, जर्मन कपमध्ये श्टुटगार्टनं बाहेर केलं. नोव्हेंबरमध्ये फिशर गेले; त्याच्या आठवडाभर आधी इटलीच्या नापोलीच्या मैदानावर १-१ अशी बरोबरी साधून क्लबनं चॅम्पियन्स लीगमधला पहिला गुण कमावला होता. दुसरा ब्रागात मिळाला. तिथं संघाबरोबर मारी-लुईझ एटा होत्या, बुंडेसलिगातल्या पहिल्या महिला सहायक प्रशिक्षक. डिसेंबरमध्ये रेआल माद्रिद बर्लिनला आला, युनियनचा गोलरक्षक रोनोवनं मॉड्रिचची पेनल्टी अडवली, फोलांडनं युनियनला आघाडी मिळवून दिली, आणि ८९ व्या मिनिटाला माद्रिदच्या सेबायोसनं ती रात्रही ३-२ अशी हिरावली.

१८ मे २०२४, बुंडेसलिगाचा अखेरचा दिवस, समोर फ्रायबुर्ग. बरोबरी झाली असती तर श्रेणीत टिकण्यासाठी आणखी दोन सामने खेळावे लागले असते. वाढीव वेळेत पेनल्टी मिळाली, फोलांडचा पहिला फटका गेला नाही, आणि परत आलेल्या चेंडूवर यानिक हाबररनं गोल केला. २-१. पंधरावा क्रमांक, आणि हे सगळं आल्टे फोर्स्टरायच्या त्याच पायऱ्यांसमोर.