डेटा ऐकायचा ही कल्पना आली कुठून?

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा युनिव्हर्सिटीत डॅनियल क्रॉफर्ड नावाच्या विद्यार्थ्याने १८८० ते २०१२ पर्यंतचा पृथ्वीच्या तापमानाचा नासाचा डेटा घेतला आणि चक्क चेलोवर, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातल्या मोठ्या, खर्जातल्या वाद्यावर, वाजवला. दर वर्षाला एक सूर. सगळ्यात थंड वर्ष १९०९, म्हणून त्याला चेलोची सगळ्यात खालची मोकळी तार, आणि तिथून साधारण ०.०३ डिग्री तापमान वाढलं की हार्मोनियमची एक पट्टी वर, असा साधा हिशोब. ऐकताना सुरुवातीला काही खास वाटत नाही, सूर खालीवर होत राहतात, पण शेवटची काही वर्षं आली की ते वर जातात आणि खाली यायचं नावच घेत नाहीत. कल्पना त्याच्या भूगोलाच्या प्राध्यापकांची, स्कॉट सेंट जॉर्ज यांची.

आता बऱ्याच युनिव्हर्सिट्यांच्या सेमिनारमध्ये असं काम होतं आणि लोकांना वाटतं हे काहीतरी नवीन फॅड आहे, कलाकार मंडळींचं. अजिबात नाही. आकडे असे आवाजात मांडण्याला सोनिफिकेशन म्हणतात आणि याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे.

१९१३ मध्ये बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीतल्या फोर्निये दाल्ब या शास्त्रज्ञाने ऑप्टोफोन बनवलं, छापील अक्षरावरून प्रकाश फिरवायचा आणि अक्षराच्या आकाराप्रमाणे वेगवेगळे सूर काढायचे म्हणजे अंध माणसाला पुस्तक कानाने वाचता येईल. मग १९२८ ला गायगर आणि म्युलर यांची ट्यूब आली. तिला स्पीकर जोडला की रेडिएशनची टिकटिक ऐकू येते, हातात यंत्र धरून नजर जमिनीवर ठेवता येते, काट्याकडे बघत बसावं लागत नाही. १९६१ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेच्या शेरिडन स्पीथने भूकंपमापकाच्या नोंदी वेग वाढवून लोकांना ऐकवल्या, आणि थोड्या सरावानंतर ते लोक भूकंप कुठला आणि जमिनीखालचा स्फोट कुठला हे बहुतेक वेळा बरोबर सांगायला लागले. शीतयुद्धाचे दिवस, अणुचाचण्या पकडायच्या होत्या, त्यामुळे हा काही गंमत म्हणून केलेला प्रयोग नव्हता.

पण माझ्या मते सगळ्यात मोठं उदाहरण ऑपरेशन थिएटरमधलं आहे. पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास मांडलं, आणि थिएटरमधल्या मॉनिटरवर नंतर अशी सोय आली की प्रत्येक ठोक्याला बीप होतो आणि रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की त्या बीपचा सूर खाली उतरतो. म्हणजे भूल देणारे डॉक्टर इंजेक्शन भरत असतील, पाठमोरे असतील, तरी सूर दोन पायऱ्या उतरला की आकडा बघायच्या आधी मान वळते. ठोक्याचा वेग आणि ऑक्सिजन, दोन वेगळ्या गोष्टी एकाच आवाजात, आणि डोळे मोकळे. रोज जगभर यावर जीव अवलंबून असतात, म्हणून कोणी सोनिफिकेशनला नुसती करमणूक म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं.

युनिव्हर्सिटीत हा रीतसर अभ्यासाचा विषय व्हायला मात्र वेळ लागला. सारा ब्लाय यांनी १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात यावर पीएचडी केली, १९९२ मध्ये ग्रेगरी क्रेमर यांच्या पुढाकाराने सांता फे इथे पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि मग जर्मनीत बीलेफेल्ड, अमेरिकेत जॉर्जिया टेक असे गट उभे राहिले. प्वेर्टो रिकोच्या वांडा डियाझ-मर्सेड दृष्टी गेल्यावर ताऱ्यांचा डेटा ऐकून संशोधन करतात, तेही याच वाटेने.

आपल्याकडचा दुवा पण आहे. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेने पकडलेली गुरुत्वीय लहर साधारण ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली, म्हणजे मुळातच माणसाच्या कानाच्या टप्प्यात. असा सिग्नल गोंगाटातून शोधायच्या गणिती पद्धतींवर पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेमध्ये संजीव धुरंधर यांनी कितीतरी आधीपासून काम केलं होतं.

सेमिनारमध्ये खरा वाद होतो तो वेगळ्याच गोष्टीवर, कुठल्या आकड्याला कुठला सूर द्यायचा. क्रॉफर्डने ०.०३ ऐवजी ०.१ डिग्रीला एक पट्टी घेतली असती तर तीच तापमानवाढ किती सौम्य वाटली असती! ग्राफला निदान बाजूला आकडे लिहिलेली रेघ असते, आवाजात शून्य कुठे हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. मला वाटतं इथे आपल्या मुलांना एक गोष्ट आयती सुचेल, मागे तानपुरा ठेवायचा. षड्ज म्हणजे सरासरी, बाकी सगळं त्याच्या वर किंवा खाली.

आणि डेटा बाहेरून आणायची पण गरज नाही. चार्ल्स डॉज या संगीतकाराने १९७० मध्ये पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या १९६१ च्या वर्षभराच्या नोंदी घेऊन कॉम्प्युटरवर संगीत केलं होतं. तशाच चुंबकीय नोंदी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकात हाताने घेतल्या जायच्या, पुढे शहरात विजेवरच्या ट्राम येणार म्हणून हे काम अलिबागला नेलं, तिथे १९०४ पासून चालू आहे. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौर वादळात कुलाब्याच्या नोंदीत क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने पडलेलं दिसतं, आणि हे आकडे प्रसिद्ध झालेले आहेत, कोणत्याही विद्यार्थ्याला वाजवून बघता येतील.